किराण्याची कूपनं: शोधायची कुठे, वापरायची कशी आणि कुठली सरळ फाडून टाकायची

मागे एकदा घर आवरताना ड्रॉवरमध्ये एक जाडजूड पाकीट सापडलं, आत कूपनं, मोजली तर बत्तीस, आणि सगळीच्या सगळी मुदत संपलेली. त्याच दिवशी खालच्या कप्प्यात हँडवॉशच्या अकरा बाटल्या निघाल्या, त्या मात्र कूपन लावून 'स्वस्तात' आणलेल्या. म्हणजे जी कूपनं कामाची होती ती पडून राहिली आणि जी नको होती ती मी हौसेने वापरली. त्यानंतर मी पद्धतच उलटी केली. आता आधी यादी, मग भाव आणि सगळ्यात शेवटी कूपन. खाली जे लिहिलंय ते सगळं याच क्रमाने आहे, थोडं लांबलंय पण एकदा बसवलं की नंतर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांच्या वर वेळ जात नाही. आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून घेतलेत, तुमचं जे चलन असेल ते धरा.

आधी हे बघा की पैसे कोण सोडतंय

कूपन म्हटलं की सगळी एकच वाटतात, पण मुख्य जाती दोन. एक कंपनीचं कूपन, म्हणजे साबण बनवणाऱ्याने काढलेलं, आणि दुसरं दुकानाचं, म्हणजे साबण विकणाऱ्याने काढलेलं. हा फरक कळला की काउंटरवरची निम्मी भांडणं होतच नाहीत. कंपनीचं कूपन तुम्ही दिलंत की दुकानदार तेवढे पैसे बिलातून कमी करतो आणि नंतर ते कंपनीकडून वसूल करतो, अमेरिकेतल्या कागदी कूपनांवर तर दुकानाला वरून ८ सेंट हाताळणीचे मिळतील असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. आता वसूल करायचे म्हटल्यावर माल तोच, माप तेच, तारीख तीच हवी, नाहीतर दुकानाचे पैसे बुडतात. त्यामुळे कंपनीच्या कूपनवर दुकानदाराशी घासाघीस करण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काही नसतं. दुकानाच्या स्वतःच्या कूपनचं तसं नाही, ते त्याच्याच खिशातून जातं, त्यामुळे काल मुदत संपली असेल तरी मॅनेजरला नीट विचारलं तर कधीकधी लावून देतात.

तिसरा प्रकार कॅशबॅकचा. यात बिल पूर्ण भरायचं आणि पैसे नंतर वॉलेटमध्ये किंवा पॉइंट म्हणून येणार. माझा नियम असा की कॅशबॅक हातात येऊन खर्च होईपर्यंत तो शून्य धरायचा. कारण वॉलेटमधल्या त्या पैशालाही बऱ्याचदा मुदत असते आणि तो परत त्याच दुकानात घालवावा लागतो. चौथा प्रकार कार्ड किंवा बँकेच्या ऑफरचा, तो वर सांगितलेल्या कुठल्याही प्रकारावर चढू शकतो, त्यावर पुढे येतोच.

आणि एक लक्षात ठेवा, कूपन हे तुमच्या सोयीसाठी जन्माला आलेलं नाही. १८८०च्या दशकाच्या शेवटी कोका-कोलावाल्यांनी एक ग्लास फुकट प्यायच्या चिठ्ठ्या वाटल्या, त्या काही लोकांची तहान भागावी म्हणून नाही, चव लागावी म्हणून. आजही कूपन येतं ते बहुतेक नवीन मालावर, महागड्या ब्रँडवर नाहीतर तुम्ही दुसरंच काही घेताय हे कळल्यावर. वाईट काही नाही त्यात, फक्त डोळे उघडे ठेवून घ्यायचं.

यादी, मार्कर आणि वही

मागच्या सहा आठवड्यांची बिलं काढा, कागदी नसतील तर ॲपमधल्या ऑर्डर बघा, आणि ज्या वस्तू दोनदा किंवा जास्त वेळा आल्यात त्या लिहून काढा. साधारण वीस-पंचवीस नावं निघतात. हीच तुमची खरी यादी, कूपन शोधायचं ते फक्त यांच्यासाठी, बाकी कितीही भारी ऑफर दिसली तरी ती आपली नाही.

मग हे करा, ऐकायला बावळट वाटेल पण मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. नवीन पाकीट किंवा बाटली उघडली की मार्करने त्यावर तारीख टाकायची. डिटर्जंटच्या पिशवीवर, टूथपेस्टच्या नळीवर, तेलाच्या कॅनवर, सगळीकडे. संपलं की तारीख बघायची आणि वहीत लिहायचं की हे इतके दिवस पुरलं. माझी समजूत होती की आमच्याकडे महिन्याला दोन टूथपेस्ट लागतात, प्रत्यक्षात एक नळी एकोणचाळीस दिवस गेली. हा आकडा हातात नसेल तर 'चार घ्या तीनच्या भावात' हे आपल्याला परवडतंय की नाही ते ठरवणार कसं?

त्याच वहीत प्रत्येक वस्तूपुढे एकाच मापाचा भाव लिहायचा. किलोचा, लिटरचा, किंवा साबण-पेपर असेल तर नगाचा. कुठलं पाकीट केवढ्याला हे लिहू नका, त्याने फसायला होतं. समजा ७५० ग्रॅमचं पाकीट १८० ला आहे, म्हणजे किलोला २४०. शेजारी दुसऱ्या ब्रँडचं १ किलो २१० ला आहे. आता पहिल्यावर १०% कूपन मिळालं तर ते १६२ ला पडेल, म्हणजे किलोला २१६. कूपन लावूनही महागच! असं सारखं होतं, कारण कूपन महाग ब्रँडवरच जास्त असतात. युरोपियन युनियनमध्ये दुकानांनी मालाच्या किमतीसोबत किलोचा-लिटरचा भाव दाखवायचा नियम १९९८ च्या निर्देशापासून आहे, तुमच्या दुकानातही शेल्फच्या पट्टीवर अगदी बारीक अक्षरात तो असू शकतो, बघत जा. नसेल तर फोनचा कॅल्क्युलेटर.

वहीचा अजून एक फायदा म्हणजे खोटी सूट पकडता येते. आधी भाव चढवायचा आणि मग 'भव्य सूट' लावायची हा जुनाच धंदा आहे, इतका की युरोपात २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतला सगळ्यात कमी भाव दाखवावा लागतो. पाकीट तेवढंच, भाव तोच पण आतला माल कमी, हेही चालतं, फ्रान्समध्ये तर मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ तशी पाटी लावणं १ जुलै २०२४ पासून बंधनकारक केलंय. आपल्याजवळ दोन महिन्यांचे भाव लिहिलेले असले की कुणाच्या पाटीची वाट बघायला नको.

शोधायची कुठे

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे आपण घरी आणलेलंच सामान. लेबलच्या मागच्या बाजूला, खोक्याच्या आतल्या झाकणावर, दोन बाटल्यांना बांधलेल्या प्लास्टिकवर कूपन छापलेलं असतं आणि आपण ते फाडून कचऱ्यात टाकतो. त्यानंतर बिलाची मागची बाजू. मग शेल्फला लटकवलेली फाडून घ्यायची पत्रकं.

दुकानाचं ॲप असेल तर ते टाका, पण एक मेख आहे. ॲपमधलं कूपन नुसतं दिसतंय म्हणून लागत नाही, बऱ्याच ठिकाणी त्यावर दाबून ते आधी 'ॲक्टिव्हेट' करावं लागतं. दुकानात शिरण्याआधी दारातच थांबून यादीतल्या वस्तूंची कूपनं दाबून घ्यायची, आत रेंज मिळेलच असं नाही.

कंपन्यांच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं की मेलवर कूपन येतात. त्यासाठी वेगळा ईमेल उघडा, हे कृपा करून कराच, नाहीतर नेहमीच्या इनबॉक्सचा उकिरडा होतो. वाढदिवसाची तारीख विचारतात तिथे त्या महिन्यात काहीतरी येतंच. ऑनलाइन दुकानात लॉगिन करून कार्ट भरायची आणि पैसे न भरता एक-दोन दिवस तशीच सोडायची, काही दुकानं मग स्वतःहून 'तुमचं सामान वाट बघतंय' म्हणत कोड पाठवतात. दर वेळी चालत नाही हे, आणि उद्याच लागणाऱ्या सामानासाठी तर करूच नका.

कोड गोळा करणाऱ्या साइटवर मी फार वेळ घालवत नाही. तिथले बरेच कोड मेलेले असतात, आणि साइटला कमिशन मिळतं ते तुम्ही तिथून क्लिक करून जाऊन खरेदी केलीत म्हणून, कोड चालला म्हणून नाही. तीन कोड टाकून बघायचे, चौथा नाही. ब्राउझरमध्ये आपोआप कोड लावणारी एक्स्टेंशन असतात ती सोयीची आहेत खरी पण तुम्ही कुठे काय बघता ते त्यांना दिसत असतं, तेव्हा टाकायचंच असेल तर फक्त खरेदीपुरतं वेगळं ब्राउझर ठेवा.

आता फसवणुकीचं, इथे जरा थांबतो. 'अमुक दुकानाचा वर्धापनदिन, ५००० चं व्हाउचर मोफत, तीन प्रश्नांची उत्तरं द्या आणि दहा जणांना पाठवा' असा मेसेज कुणाकडूनही येऊ दे, अगदी सख्ख्या मावशीकडून येऊ दे, तो खोटा समजायचा. खरं दुकान कूपन द्यायला दहा जणांना फॉरवर्ड करायला सांगत नाही. लिंकचा पत्ता तपासताना सुरुवातीला दुकानाचं नाव दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, https:// सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या अगदी डावीकडचं नाव बघा, खरा मालक तो. त्याच्याही आधी काहीही लिहिता येतं. कूपनसाठी ओटीपी, कार्डचा नंबर किंवा 'प्रोसेसिंग फी' मागितली की तिथेच बंद करायचं. आणि विकत मिळणारी कूपनं घेऊ नका, खोटी निघाली तर काउंटरवर तोंड तुमचं दिसणार.

बारीक अक्षरं वाचायची ती अशी

सगळ्या अटी वाचायची गरज नाही, मी चारच गोष्टी शोधतो: मुदत, माप, किमान खरेदी आणि कमाल सूट. बाकीचं या चारात नापास झालं नाही तर बघायचं.

किमान खरेदीत सगळ्यात जास्त लोक अडकतात. ५०० च्या वर ५० सूट असं कूपन आहे आणि तुमची यादी ४२० ची झाली. मग आपण काय करतो, ८० चं काहीतरी उचलतो. बिल ५००, वजा ५०, भरले ४५०. यादीपेक्षा ३० जास्त गेले आणि आपण खूश की ५० वाचले. ते ८० चं सामान पुढच्या महिन्याच्या यादीतलं असेल आणि तोवर टिकणारं असेल तर उत्तम, तेव्हा खरोखर ५० वाचले. नसेल तर कूपन खिशात घाला आणि ४२० भरून बाहेर पडा.

कमाल सूट म्हणजे '२०% पण १०० पर्यंत'. इथे ५०० चं बिल हा नेमका मुक्काम, तिथे १०० मिळतात. बिल १००० झालं तरी १०० च, म्हणजे सूट १०% वर आली. दुकानाच्या नियमात बसत असेल तर अशा वेळी दोन बिलं करायची. 'एका ग्राहकाला एकदाच' लिहिलं असेल तर दुसरं बिल पुढच्या आठवड्याला.

टक्क्यांची भाषाही जरा फसवी असते. 'दुसऱ्यावर ५०% सूट' म्हणजे दोन मिळून २५%. 'चार घ्या, पैसे तीनचे' हेही २५% च. 'पाकिटात २५% जास्त' हे मात्र २०% सुटीइतकंच आहे, कारण १२५ ग्रॅमला १०० चे पैसे. 'एकावर एक फ्री' हे ५०%, पण दुसरं पाकीट वापरलं गेलं तरच, खराब झालं तर सूट शून्य. आणि '१०% वर आणखी १०%' म्हणजे २० नाही, १९.

एकावर एक चढवणं

खरी बचत इथे होते, कारण सुटं एकेक कूपन किरकोळ असतं. दुकानाची सेल चालू असताना त्याच वस्तूवर कंपनीचं कूपन लावायचं आणि पैसे भरताना कार्डची ऑफर, चालत असेल तर. समजा २०० ची वस्तू सेलमध्ये १६० ला आहे, कंपनीचं कूपन ३० चं, राहिले १३०, कार्डवर १०% म्हणजे १३, खिशातून गेले ११७. म्हणून कूपन मिळालं की लगेच पळायचं नाही, मुदत असेपर्यंत सेलची वाट बघायची. माझ्या वहीवरून दिसतं की काही वस्तू ठरावीक आठवड्यांनी फिरून सेलमध्ये येतात, तुमच्याही येत असतील, दोन-तीन महिने लिहिलं की कळेल.

टक्केवारी आणि ठोक रक्कम अशी दोन्ही कूपनं लागत असतील तर क्रमाने फरक पडतो. १००० च्या बिलावर आधी २०% आणि मग १०० कमी केले तर ७०० होतात. आधी १०० आणि मग २०% केलं तर ७२०. आपल्या हातात असेल तर टक्केवारी आधी. ऑनलाइन बहुतेक वेळा सिस्टिमच क्रम ठरवते, तिथे वाद नाही.

साठा किती करायचा? मुदतीच्या आत संपेल तेवढाच, आणि ते वहीतल्या दिवसांवरून काढायचं. एक टूथपेस्ट ३९ दिवस तर सहा म्हणजे २३४ दिवस, साधारण पावणेआठ महिने. ठीक आहे. पण खाण्याच्या वस्तूला हाच न्याय लावलात की कीड आणि बुरशी वाटेकरी होतात.

काउंटरवर

कागदी कूपनं मी सामानाच्या क्रमाने लावून एका पाकिटात ठेवतो, ज्याची मुदत जवळ ते वर, आणि मुदतीच्या तीन दिवस आधी फोनवर रिमाइंडर. गर्दीच्या वेळी दहा कूपनं घेऊन जाऊ नका, मागच्यांच्या नजरा झेपत नाहीत आणि घाईत चूक होते. रांगेत उभं राहिल्यावरच विचारायचं, कूपन आधी देऊ का शेवटी, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

सामान स्कॅन होताना स्क्रीनकडे बघायचं, फोनकडे नाही. सेलचा भाव पाटीवर बदललेला असतो आणि सिस्टिममध्ये जुनाच असतो, हे तर नेहमीचं. एकदा माझं शॅम्पूचं कूपन लागेना, मशीन नुसतं टुंग करून नाकारायचं. कॅशियरने दोनदा करून बघितलं, मग बाटली फिरवून म्हणाली, "सर, हे ६५० मिलीला आहे, तुमची ५०० ची आहे." बाटलीचा रंग तोच, आकार जवळजवळ तोच, आणि शेल्फवर दोन्ही शेजारी. मी म्हटलं थांबा बदलून आणतो, मागचे दोघं सुस्कारले. तेव्हापासून कूपन हातात धरून शेल्फसमोरच माप जुळवतो. मशीन आकडा बघतं, आपला प्रामाणिक चेहरा नाही.

नाकारलं गेलं तर चिडायचं नाही, एवढंच विचारायचं की कुठली अट अडतेय. कारण कळलं आणि ते पटलं नाही तर कूपनवरची ओळ दाखवून मॅनेजरला बोलवा. तरीही नाही म्हणाले तर ती वस्तू बिलातून काढायला सांगा, यात लाजायचं काही नाही, कूपनसाठीच घेतली होती ना? बिल हातात आलं की काउंटर सोडायच्या आत कूपनची वजाबाकी दिसतेय का ते बघा, दारातून परत येऊन सांगणं जड जातं.

ऑनलाइन घेताना

इथे दोन खड्डे आहेत. पहिला डिलिव्हरीचा. समजा ५०० च्या वर डिलिव्हरी फ्री आहे आणि तुमची कार्ट ५२० ची. ४० चं कूपन लावलं, ४८० झाले आणि ३५ डिलिव्हरी लागली. वाचले किती, तर ५. काही ठिकाणी मर्यादा कूपनच्या आधीच्या रकमेवर धरतात, काही ठिकाणी नंतरच्या, त्यामुळे कूपन लावून आणि काढून दोन्ही वेळा शेवटचा आकडा बघायचा. तुम्हाला मतलब शेवटच्या आकड्याशी. हिरव्या अक्षरात 'तुम्ही एवढे वाचवले' येतं ते वाचूच नका, ते छापील किमतीवरून काढलेलं असतं आणि त्या किमतीला ती वस्तू कुणी घेतच नव्हतं.

दुसरा खड्डा म्हणजे संपलेला माल. ऑर्डर ५१० ची दिली, त्यातली ६० ची वस्तू स्टॉकमध्ये नाही म्हणून त्यांनीच कमी केली, बिल आलं ४५० वर आणि ५०० ची अट मोडली म्हणून कूपनही गेलं. चूक त्यांची आणि भुर्दंड आपल्याला. अशा वेळी चॅटवर तक्रार करायला ऑर्डर देतानाचा स्क्रीनशॉट लागतो, ज्यात कोड, सूट आणि अट तिन्ही दिसतंय. मी एकदा स्क्रीनशॉट नसताना अर्धा तास चॅटवर घालवला आणि शेवटी 'आपली गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व' एवढंच पदरात पडलं.

सामान परत करायचं झालं तर

कूपन लावून घेतलेली वस्तू परत केली की पूर्ण किंमत मिळत नाही, कूपन वजा जाऊन जे भरलं तेवढंच मिळतं, आणि कूपन बहुतेक ठिकाणी परत येत नाही. किमान खरेदीचं कूपन असेल तर आणखी गुंता. ५०० च्या बिलातली १०० ची वस्तू परत केली की बिल ४०० वर येतं, मग काही दुकानं पूर्ण ५० ची सूट कापून हातात ५० च ठेवतात, काही दुकानं सूट सगळ्या वस्तूंवर वाटून ९० देतात. 'एकावर एक फ्री' मध्ये एकच खराब निघालं तरी दोन्ही घेऊन या म्हणतात, म्हणून फ्रीवालं आधी उघडू नका, दोन्हीची तारीख आणि सील घरी आल्याआल्या तपासा. आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, ते थर्मल कागदावर असतं, खिडकीत उन्हात पडलं की अक्षरं उडून जातात आणि परतीच्या काउंटरवर आपण कोरा कागद घेऊन उभे.